हणमंतरावांच्या सहीचा आवाज

"सांगतो, पण आधीच बजावून ठेवतो. ह्यावर तुमच्यातला एकबी माणूस विश्वास ठेवायचा न्हाई. कुणी ठेवलाच, तर त्यानं बाहेर जाऊन तोंडावर पाणी मारून यावं."

हणमंत गोविंद लेंगरे यांनी अशी सुरुवात केली आणि मिरजेच्या त्या सभागृहातली माणसं खुर्च्या पुढं ओढून बसली. साठ-पासष्ट जण असतील. निम्म्यांच्या गळ्यात बोटभर रुंदीची राखाडी पट्टी होती, आणि त्या सगळ्या पट्ट्या गेला महिनाभर मुक्या होत्या. उरलेले निम्मे म्हणजे त्यांचे नवरे, बायका, बहिणी, भाऊ. बोलायचं काम आज त्यांच्याकडं होतं.

तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर हणमंतरावांची बायको बसली होती, शालनबाई. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत जेवणाच्या डब्याएवढी काळी पेटी, आणि पेटीतून निघालेली वायर भिंतीतल्या प्लगात. सभा सुरू व्हायच्या आधी पेटी चालू करून त्यांनी फोनवर काहीतरी टाइप केलं होतं, तेही पदराचा आडोसा धरून. हणमंतराव मान वाकडी करून बघायला लागले तेव्हा त्यांच्या गुडघ्यावर एक चापट बसली होती. पट्टी शालनबाईंच्याही गळ्यात होती. पण सभेत आल्यापासून त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या.

"पैले आभार मानतो," हणमंतराव म्हणाले, "ह्या पोरीचे." पहिल्या रांगेतल्या शबनम मुजावरकडं त्यांनी हात केला. "ही नसती तर आज मी इथं नसतो, आणि आमच्या घरात नुसती भांडी बोलली असती."

शबनमनं ओशाळून चष्मा पुसला.

हणमंतरावांना आभार मानायची सवय जुनी. आटपाडीच्या तहसील कचेरीबाहेर चिंचेच्या झाडाखाली चव्वेचाळीस वर्षं ते लोकांना अर्ज लिहून देत आले. आधी टाइपरायटरवर, मग लॅपटॉपवर, आणि आता २०४६ साली सरकारच्या सगळ्या खिडक्या फोनात शिरल्या तरी त्याच झाडाखाली, फोन घेऊन. फॉर्म फोनात गेला म्हणून तो भरणाऱ्याची भीती कमी होत नाही. रहिवासी दाखला, वारस दाखला, नाव चुकल्याचा अर्ज, नाव बरोबर असूनही चुकीचं ठरल्याचा अर्ज. प्रत्येकाच्या शेवटी 'आपला विश्वासू', आणि खाली अर्जदाराची सही. लाखभर वेळा तरी त्यांनी हे दोन शब्द लिहिले असतील. स्वतः हणमंतरावांना मात्र तालुक्यात कुणी विश्वासू म्हणत नसे, कारण अर्ज सोडला तर त्यांच्या तोंडून निघणाऱ्या कुठल्याही गोष्टीत निम्मी भर त्यांची स्वतःची असायची.

त्यातली मेंढ्याची गोष्ट सगळ्या आटपाडीला पाठ. एका मेंढक्याच्या फॉर्ममध्ये चूक होऊन त्याच्या मेंढ्याचं नाव मतदार यादीत आलं, आणि त्या मेंढ्यानं रांगेत उभं राहून, खुराला शाई लावून घेऊन मतदान केलं, असं हणमंतराव शपथेवर सांगत. ही गोष्ट घरी पाहुण्यांसमोर सुरू झाली की स्वयंपाकघरातून एक शब्द यायचा.

"खोटं."

मग भाकरी थापता थापताच शालनबाई निवाडा द्यायच्या, "यादीत नाव लागलं हे खरं. मतदान केलं हे खोटं."

पाहुणे हसायचे, आणि सर्वांत मोठ्यानं हसायचे हणमंतराव. कारण गोष्टीला खरी चव त्या शब्दानंच यायची. गोष्ट सांगणाऱ्याला ऐकणारा लागतो हे सगळ्यांना माहीत असतं. त्याला पकडणारा लागतो, हे फक्त पकडला गेलेल्याला कळतं.

शालनबाई एसटीत होत्या. आधी कंडक्टर, मग आटपाडी स्टँडवर वाहतूक नियंत्रक. "प्रवाशांनी लक्ष द्यावे" हे त्यांचं वाक्य भोंग्यातून निघून थेट चिंचेखाली यायचं, आणि हणमंतराव अर्ज थांबवून कान द्यायचे. सांगलीची गाडी किती वाजता सुटते याच्याशी त्यांना काहीही देणंघेणं नसायचं.

निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी शालनबाईंचा घसा बसला तो उठलाच नाही. गाठ निघाली. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून जीव वाचवला, आणि त्या जिवाबद्दल हणमंतराव आजही त्या दवाखान्याच्या दिशेनं हात जोडतात. पण पुढची दोन वर्षं घरात शालनबाईंची पाटी आणि पेन्सिल बोलत होती. याच दोन वर्षांत हणमंतरावांच्या गोष्टी आटल्या. एकदा पाहुणे आले म्हणून त्यांनी मेंढा काढला. मेंढा रांगेत उभा राहिला, शाई लावली, मतदान केलं, बाहेर आला. स्वयंपाकघरातून काही आलं नाही. पाहुण्यांनी माना डोलावल्या. हणमंतरावांना तो मेंढा पहिल्यांदाच खोटा वाटला. त्यांनी पुन्हा ती गोष्ट काढली नाही.

हे त्यांनी सभेत सांगितलं नाही. सभेत त्यांनी सरळ पट्टीलाच हात घातला.

पट्टीचं शास्त्र तसं साधं. स्वरयंत्र काढता येतं, बोलायची सवय काढता येत नाही. माणूस शब्द मनात आणून बोलायला जातो तेव्हा जीभ, जबडा आणि हनुवटीखालचे स्नायू आपापल्या जागी हलतातच, आणि हलणाऱ्या स्नायूतून विजेची बारीकशी लहर जाते. पट्टी ती लहर टिपते. पण लहरीतून शब्द ओळखून तो त्या माणसाच्या जुन्या आवाजात उभा करणं हे एवढ्याशा पट्टीचं काम नव्हे. ते दूर ठेवलेल्या संगणकाचं, म्हणजे सर्व्हरचं. लहर जाते, आवाज येतो, आणि मधे जातो पापणी लवण्याएवढा वेळ.

जुना आवाज शिकवायला जुनी ध्वनिमुद्रणं लागतात. शालनबाईंची दोन ठिकाणची मिळाली. एक, स्टँडवरच्या सूचना. दुसरी, हणमंतरावांनी नातेवाइकांच्या ग्रुपवर पाठवायला फोनमध्ये भरून ठेवलेल्या चारशे गोष्टी. प्रत्येक गोष्टीत कुठं ना कुठं पाठीमागून एक शब्द होताच. त्यामुळं पट्टी आली तेव्हा शालनबाईंचं बाकीचं बोलणं थोडं एसटीच्या चालीवर जायचं, "भाजीत मीठ कमी आहे, कृपया नोंद घ्यावी" असं; पण 'खोटं' हा शब्द इतका हुबेहूब निघायचा की पहिल्यांदा ऐकल्यावर हणमंतराव उठून परसात गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

अशी तीन वर्षं सुखात गेली. मग कंपनीचं पत्र आलं. पट्टी बनवणारी कंपनी दुसरीनं विकत घेतली होती, जुने सर्व्हर साठ दिवसांत बंद होणार होते. नव्या कंपनीची नवी पट्टी मिळणार होती, पण आवाज तिच्या नमुन्यातला. सहा आवाज होते, त्यातला एक निवडायचा.

"सहा न्हवं, साठ दिले तरी काय करायचंय?" हणमंतराव सभेला म्हणाले. "माझी बायको काय रेडिओ हाय, स्टेशन बदलायला?"

शबनम जुन्या कंपनीत होती. सर्व्हरचा प्रोग्राम तिनं लिहिला होता. नोकरी जाता जाता ती वरिष्ठांशी भांडली, आणि तो प्रोग्राम आणि ज्याचा त्याचा आवाज ज्याला त्याला देऊन टाकायची परवानगी तिनं मिळवली. ज्यांना हवं त्यांनी घरीच छोटी पेटी घ्यावी, तिच्यात आपला सर्व्हर बसवावा. आटपाडीत सगळ्यांत आधी शिकणारे हणमंतराव, मिरजेतून फोनवर शिकवणारी शबनम; बाकीच्यांसाठी आजची ही सभा.

"प्रोग्राम जावामध्ये आहे, काका."

"जावा म्हंजे फटफटी होती."

"ती नव्हे. ही प्रोग्राम लिहायची भाषा."

"आणि घरात दोन जावा आल्या की काय हुतंय ते मला इचारा," स्वयंपाकघरातून शालनबाईंचा आवाज आला. तेव्हा कंपनीचा सर्व्हर अजून चालू होता.

दोन दिवसांत पेटी सुरू झाली. आवाज तिच्यात गेला. अडलं ते ओळखीपाशी.

विचार करा, लहर जाण्यायेण्याच्या वाटेवर मधेच कुणी बसला, तर तो शालनबाईंच्या गळ्यातून हवं ते बोलवू शकेल. बँकेला हो म्हणवेल, शेजारणीला शिव्या घालवेल. म्हणून कायदाच आहे, की शरीराला जोडलेलं यंत्र सर्व्हरची ओळख पटल्याशिवाय तोंड उघडणार नाही, आणि उघडलं तर दोघांमधलं बोलणं कुलूपबंद असेल. वेबच्या पत्त्याशेजारी बारीक कुलूप असतं आणि एचटीटीपीएस ही अक्षरं असतात, तीच ही व्यवस्था. त्यासाठी सर्व्हरकडं प्रमाणपत्र लागतं, आणि त्यावर जगानं मानलेल्या एखाद्या साक्षीदार संस्थेची सही लागते. त्या संस्था परवानाधारक कंपन्यांना सही देतात. आटपाडीच्या लेंगऱ्यांना कोण देणार?

"इथं मला माझा धंदा कामाला आला," हणमंतराव म्हणाले. "तुमच्यातल्या जुन्या लोकांना आठवत असंल. मार्कलिस्टची झेरॉक्स घ्यायची आणि ती खरी हाय म्हणून सही घ्यायला गॅझेटेड ऑफिसरच्या मागं फिरायचं. सायेब जेवायला गेलाय, सायेब दौऱ्यावर गेलाय. मग एक दिवस सरकार म्हणालं, ऱ्हाऊ द्या, तुमचं तुम्हीच लिहा की ही प्रत खरी हाय, आणि खाली सही करा. आपणच अर्जदार, आपणच साक्षीदार. ह्या पोरीनं सांगितलं, काका, प्रमाणपत्राचंबी तसंच करता येतंय. त्याला म्हणायचं सेल्फ-साइन्ड. कुलूप तेवढंच पक्कं. फरक एकच, दाराआड कोण बसलाय ते त्याच्याच तोंडचं मानायचं."

तर एका दुपारी हणमंतराव जेवून, पान जमवून, स्वतःचा दाखला स्वतः काढायला बसले. काळ्या पडद्यावर यंत्रानं इंग्रजीत पहिला प्रश्न टाकला. तुमचं नाव आणि आडनाव काय?

चव्वेचाळीस वर्षं अर्जदाराचं संपूर्ण नाव लिहिणारा माणूस. त्यानं क्षणभर तरी थांबावं कशाला? हणमंत गोविंद लेंगरे. विभाग? अर्जलेखन. संस्था? चिंचेचे झाड, तहसील कचेरीसमोर. गाव, राज्य, देश. वरील माहिती बरोबर आहे का? हणमंतरावांनी रुबाबात एंटर दाबलं. यंत्रानं पुन्हा पहिल्यापासून विचारायला सुरुवात केली. पुन्हा भरलं, पुन्हा एंटर, पुन्हा पहिला प्रश्न. चौथ्या खेपेला कळलं की नुसतं एंटर म्हणजे 'नाही'. 'होय' असं अक्षरांत लिहून द्यावं लागतं.

"तहसीलदारानं पण मला कधी तीनदा परत पाठवलं न्हवतं," ते सभेत म्हणाले, आणि पट्टीवाल्यांचे खांदे हसण्यानं हलले. आवाज मात्र निघाला नाही.

दाखला निघाला. पट्टीला जोडलेल्या फोनला दाखवला. फोन म्हणाला, सर्व्हरचं नाव आणि प्रमाणपत्रावरचं नाव जुळत नाही.

शबनमनं ऐकून घेतलं आणि तिला हसू आवरेना. "काका, तो प्रश्न तुम्हाला नव्हता. मशीनला होता. नावाच्या जागी मशीनचं नाव लिहायचं असतं."

"मग 'तुमचं आडनाव काय' असं कशाला विचारतंय ते? मशीनला कुठनं आडनाव?"

"सगळे फसतात तिथं. वर्षानुवर्षं फसतायत. पुन्हा काढा, आणि मशीनचं नाव घाला."

समोरच्या पडद्यावर हणमंतरावांचं नाव, बापाचं नाव, आडनाव आणि चिंचेचं झाड दिसत होतं.

"पोरी, चव्वेचाळीस वर्षं मी दुसऱ्यांच्या नावानं दाखले काढले. माझ्या नावाचा हा पैलाच. तू असं कर, मशीनचंच नाव बदल."

मग शबनम म्हणाली, "तसंही करता येतं. फक्त नावात मोकळी जागा चालत नाही. मधे छोट्या रेघा द्या, आणि दाखला त्याच नावानं परत काढा. आणि काका, मुदत काही सांगितली नाही तर नव्वद दिवसांची पडते. दहा वर्षांची घालू?"

"बगू ते मागनं."

अशा रीतीनं त्या काळ्या पेटीचं हणमंत-गोविंद-लेंगरे असं बारसं झालं. आता फोननं नाव जुळल्याचं मान्य केलं, आणि शेवटचा प्रश्न विचारला. या सर्व्हरसाठी कोणीही साक्ष दिलेली नाही. त्याने स्वतःच स्वतःची ओळख सांगितली आहे. आपला विश्वास आहे का? असल्यास पट्टीधारकाने स्वतःच्या हाताने सर्व्हरचे पूर्ण नाव लिहून अंगठा द्यावा.

हणमंतरावांनी फोन शालनबाईंपुढं धरला. त्यांनी तो मजकूर दोनदा वाचला.

"ह्याची किल्ली कुणाकडं?"

"माझ्याकडं. सही माझी म्हटल्यावर किल्ली, म्हंजे पेटीचा पासवर्ड, माझ्याकडंच की."

"म्हंजे गळा माझा, आणि त्यातनं काय निघायचं ते तुमच्या हातात."

"मी कशाला काय करतोय? शालन, माझ्यावर विश्वास न्हाई?"

"मेंढ्यानं मतदान केलं म्हणणाऱ्या माणसावर?" शालनबाई म्हणाल्या. "अर्जाखाली 'आपला विश्वासू' लिहून कुणी विश्वासू हुत न्हाई. त्यापरास सहातला एक आवाज घेतलेला बरा. परका असला तरी माझ्याच मनातलं बोलंल."

हणमंतरावांनी फोन टेबलावर ठेवला. बायको काही खोटं बोलत नव्हती. पेटीत एक चौकट होतीच. शबनमनं चाचणीसाठी ठेवलेली. त्या चौकटीत जे टाइप करावं ते पट्टीतून, शालनबाईंच्या आवाजात, जसंच्या तसं बाहेर पडायचं.

नऊ दिवस असेच गेले. दहाव्या दिवशी बुधवारी, दुपारी बाराच्या सुमाराला, चहा पिता पिता हणमंतराव शेजारच्या बाबूला सांगत होते की तरुणपणी त्यांनी एका दिवसात दोनशे अर्ज टाइप केले आणि टाइपरायटरमधून धूर आला. शालनबाईंनी बशीतून तोंड वर केलं.

"खो"

एवढंच आलं. पुढचं अक्षर आलं नाही. कंपनीचा सर्व्हर बंद झाला होता. शालनबाईंचे ओठ हलत राहिले, हनुवटीखालची शीर हलत राहिली, पट्टीवरचा हिरवा ठिपका विझला. बाबूला वाटलं, ठसका लागला.

अकरा दिवस पुन्हा पाटी-पेन्सिल. हणमंतरावांनी विनवणी केली नाही. ज्या माणसाला आपल्या शब्दाची किंमत माहीत असते तो शब्द देत सुटत नाही. ते सकाळी चिंचेखाली जायचे आणि एकही गोष्ट न सांगता परत यायचे. बाराव्या दिवशी परत आले, तर शालनबाई टेबलापाशी बसलेल्या, समोर फोन, फोनवर तोच प्रश्न. पाटीवर लिहिलं होतं, 'ठसा वाचा.'

प्रत्येक प्रमाणपत्राला एक ठसा असतो, माणसाच्या बोटाला असतो तसा. दोन-दोन अक्षरा-आकड्यांच्या बत्तीस जोड्या. मूळ प्रमाणपत्रात एक टिंब जरी बदललं तरी सगळा ठसा बदलतो. पेटीवरचा ठसा आणि फोनवर पोचलेला ठसा तंतोतंत जुळला, तर वाटेत कुणी भामटा बसलेला नाही. हणमंतरावांनी पेटीवरून वाचायचं, शालनबाईंनी फोनवर ताडून मान हलवायची. तिकिटांचा हिशेब देणाऱ्या बाईला हे नवीन नव्हतं.

एक जोडी, मान. दुसरी जोडी, मान. अठरा जोड्या झाल्या. एकोणिसावी आली तेव्हा हणमंतरावांनी काय केलं असेल? पडद्यावर सात-डी होतं. त्यांनी वाचलं, "सात-बी."

टेबलावर हात असा आदळला की पाटी खाली पडली.

शालनबाई डोळे वटारून बघत होत्या. हणमंतराव तोंडावर हात धरून हसत होते, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. पावणेदोन आठवड्यांनी त्यांना कुणीतरी पकडलं होतं.

"डी," ते म्हणाले. "सात-डी. चुकलं."

मान. पुढच्या तेरा जोड्या त्यांनी देवळात उभं राहून वाचाव्यात तशा वाचल्या. मग शालनबाईंनी फोन जवळ ओढला. लग्नापासून ज्या नावाला त्या 'अहो' म्हणत आल्या होत्या ते नाव, नवऱ्याचं, सासऱ्याचं आणि आडनाव, मधल्या रेघांसकट, एकेक अक्षर दाबत त्यांनी लिहिलं. अंगठा ठेवला. पट्टीवरचा ठिपका हिरवा झाला.

इथं हणमंतराव सभेत थांबले. पाण्याचा घोट घेतला. तिसऱ्या रांगेकडं एक नजर टाकली, आणि लगेच काढून घेतली.

"आता ऐका. ठिपका हिरवा झाला. मी श्वास धरून बसलेलो. आणि आमची शालन, जिनं पंचेचाळीस वर्षांत माझं नाव लग्नाच्या मांडवात एकदाच घेतलेलं, ती स्वतःहून, माझ्या डोळ्यांत बघून, काय म्हणाली ठावं हाय का? 'प्रवाशांनी लक्ष द्यावे. तहसिलीच्या दारात चिंचेची सावली दाट, हणमंतरावांचं नाव घेते, सोडा आता वाट.' देवाशप्पथ. पैलंच वाक्य. आख्खा उखाणा."

सभागृह हसलं, टाळ्या पडल्या. एका म्हाताऱ्या बाईनं पदर डोळ्याला लावला. हणमंतरावांनी हात जोडून चहूकडं मान लववली. मुंडावळ्या बांधलेल्या नवरदेवासारखे दिसत होते.

टाळ्या थांबल्यावर मधल्या रांगेतून एक बाई उठल्या. सरोज मगदूम, जयसिंगपूरच्या. शेजारी त्यांचे यजमान बसले होते, मुकी पट्टी घालून.

"काका, गोष्ट छान आहे," सरोजताई म्हणाल्या. "पण मला एक विचारायचंय, रागावू नका. किल्ली तुमची, सही तुमची. आणि तशी चाचणीची चौकट असते, हे शबनममॅडमनीच सकाळी दाखवलं. मग तो उखाणा काकूंनी घेतला की तुम्ही टाइप केला, हे आम्ही कसं ओळखायचं? आमच्या ह्यांच्या पट्टीची किल्ली उद्या माझ्याकडं येणार. हे जे बोलतील ते त्यांचंच आहे, असं लोकांनी का मानावं? त्यांनी तरी का मानावं?"

शेजारी बसलेल्या यजमानांनी बायकोकडं बघितलं आणि हळूच मान हलवली. तोच त्यांचा प्रश्न होता. सगळ्यांचा तोच होता. हॉलमधली सगळी मुकी माणसं हणमंतरावांकडं बघायला लागली.

हणमंतरावांनी शबनमकडं पाहिलं. गणितानं कुलूप सिद्ध करता येतं, ठसा सिद्ध करता येतो. दाराआडचा माणूस कसा आहे, हे सिद्ध करणारं गणित तिनं कुठं शिकलं नव्हतं.

"मी शपथ घेतो," हणमंतराव म्हणाले.

"शपथ तर तुम्ही आत्ताच घेतलीत की," सरोजताई म्हणाल्या.

हणमंतरावांनी माइक खाली केला. दोन्ही हात त्याच्यावर ठेवून, परीक्षेचा निकाल ऐकायला उभं राहावं तसे ते उभे राहिले. तोंडावर अपराधीपणा होता, पण डोळे तिसऱ्या रांगेवर खिळले होते आणि त्यांत तो नव्हता. वाट बघणं होतं.

तिसऱ्या रांगेत शालनबाईंनी मांडीवरची पिशवी सरळ केली. उभ्या राहिल्या. हनुवटीखालची शीर हलली.

"खोटं."

सभागृहातल्या प्रत्येक मुक्या पट्टीचा धनी त्या शब्दाकडं वळला. हणमंतराव माइकपासून दोन पावलं लांब होते. हात रिकामे. फोन खिशात.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे," शालनबाई पुढं म्हणाल्या. "एकोणिसाव्या जोडीचं खरं. नाव लिहिलं तेबी खरं. उखाणा खोटा. तो ह्यांनीच त्या चौकटीत टाइप केला, माझा अंगठा वाळायच्या आत. माझ्या गळ्यातनं माझ्या कानावर आला, आणि मी पट्टी काढून फडताळात ठेवली. चार दिस ठेवली. पाचव्या दिवशी घातली तवा मी माझ्या मनानं बोललेलं पैलं वाक्य म्हंजे 'किल्ली हिकडं द्या.' पासवर्ड तवापासनं माझ्याकडं. पेटी बंद पडली तर तो मीच घालायचा, मगच ती चालू. मुदत दहा वर्षांची घालतो म्हणाले, मी म्हटलं नव्वद दिवस ऱ्हाऊ द्या. दर नव्वद दिवसांनी दाखला संपणार, फोन मला परत इचारणार, ह्या माणसावर विश्वास हाय का, आणि मी ह्यांना जरा ताटकळत ठेवून मग नाव लिहिणार."

हणमंतराव हसत होते. गालावरून ओघळलेलं पुसायचं भानही त्यांना नव्हतं.

शालनबाई खाली बसायला निघाल्या, आणि पुन्हा उभ्या राहिल्या.

"ह्यांना खोटं म्हणायला मला ह्यांचीच सही लागती," त्या म्हणाल्या. "तेवढं मातर खरं."